काल्पनिक देशातील यादवी: तिप्पट सैन्य असलेले सरकार कसे हरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका काल्पनिक देशातील यादवीवर कादंबरी लिहायची आहे. एका बाजूला राष्ट्रवादी सरकार आहे, दुसऱ्या बाजूला उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून उभे राहिलेले कम्युनिस्ट आहेत. सरकारकडे तिप्पट सैन्य, विमाने, सगळी मोठी शहरे आणि एका महासत्तेची मदत आहे, तरीही तीन-चार वर्षांत ते कोसळते. आराखडा वाचलेल्यांना हा शेवट पटत नाही. तो पटावा यासाठी काय करावे?

आधुनिक चीनचा इतिहास मी बरीच वर्षे शिकवला आहे आणि युद्धावरच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितेही वाचत आलो आहे. त्या आधारावर सांगतो की शेवट बदलण्याची गरज नाही, कारण तो जवळजवळ याच आकड्यांनी घडून गेलेला आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये पूर्ण युद्ध पेटले तेव्हा च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारकडे सुमारे ४३ लाखांचे सैन्य होते आणि कम्युनिस्टांकडे सुमारे १२ लाखांचे. मार्च १९४७ मध्ये कम्युनिस्टांची राजधानी यानानसुद्धा सरकारने घेतली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, २३ एप्रिल १९४९ रोजी, सरकारची राजधानी नानकिंग पडली. तुमच्या आराखड्यात लढाया, नकाशे, पुढाऱ्यांची भाषणे हे सगळे आहे. नाही ती धान्याची वसुली, सैनिकाचा पगार आणि नोटेची किंमत. सरकार कोसळते ते याच तीन जागी. या तीन गोष्टी पहिल्या शंभर पानांत उभ्या राहिल्या, तर शेवटच्या शंभर पानांतला पराभव वाचकाला वेगळा पटवून द्यावा लागणार नाही.

आधी एक दुरुस्ती. तुमचे दोन्ही पक्ष जन्मापासून एकमेकांचे वैरी दाखवले आहेत. चीनमध्ये तसे नव्हते. १९२४ मध्ये कँटनजवळ व्हाम्पोआ येथे जी लष्करी शाळा निघाली, तिचे प्रमुख च्यांग होते आणि तिच्या राजकीय विभागाची सूत्रे काही काळ कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांच्याकडे होती. पुढे मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, सरकारी फौजांचा निःपात करणारा कम्युनिस्ट सेनापती लिन पिआओ याच शाळेतून बाहेर पडला होता. प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांच्या ताब्यातून देश सोडवण्यासाठी १९२६ मध्ये निघालेल्या उत्तरेच्या मोहिमेत दोन्ही पक्ष एकत्र चालले. १२ एप्रिल १९२७ रोजी शांघायमध्ये च्यांग यांच्या माणसांनी कम्युनिस्टांची आणि कामगार पुढाऱ्यांची कत्तल सुरू केली, तिथे ही वाट फुटली. त्यामुळे वीस वर्षांनंतर रणांगणावर समोरासमोर आलेले सेनापती एकमेकांच्या सवयी, हट्ट आणि भीती ओळखून होते. तुमच्या दोन मुख्य पात्रांना एकाच वर्गात बसवा. त्यांच्यातला वाद तत्त्वज्ञानाचा न ठेवता एका विशिष्ट रात्री कोण कोणाला वाचवू शकले असते आणि वाचवले नाही, इतका ठोस ठेवा.

दुसरी गोष्ट परकीय आक्रमणाची. तुमच्या देशात यादवीपूर्वी शेजाऱ्याने केलेल्या स्वारीला एकच परिच्छेद आला आहे, तो फार कमी आहे. १९३७ ते १९४५ या आठ वर्षांत जपानशी लढताना राष्ट्रवादी सरकारने आपले उत्तम सैन्य, किनाऱ्यावरची जकात आणि शहरांतला व्यापार गमावला. महसूल बुडाला तेव्हा सरकारने दोन मार्ग धरले: नोटा छापणे आणि १९४१ पासून शेतसारा धान्याच्या रूपात घेणे. हे नाइलाजाने घडले हे मान्य केले पाहिजे, पण नाइलाजाचाही हिशेब शेतकरी ठेवतो. होनान प्रांताचे उदाहरण बघा. जून १९३८ मध्ये जपान्यांना अडवण्यासाठी सरकारने याच प्रांतात पीत नदीचा बांध फोडला आणि लाखो लोक पुरात व पुरानंतरच्या उपासमारीत मेले. १९४२ मध्ये तिथेच दुष्काळ पडला, पीक गेले, तरी सैन्यासाठी धान्याची वसुली चालू राहिली. मृतांचा अंदाज वीस ते तीस लाखांचा केला जातो. मग १९४४ मध्ये जपानने मोठी चढाई केली आणि सरकारी सैन्य मागे हटू लागले, तेव्हा याच प्रांतातल्या शेतकऱ्यांनी कोयते, भाले, जुन्या बंदुका घेऊन आपल्याच सैनिकांना गाठले आणि त्यांची शस्त्रे काढून घेतली. त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी मार्क्सचे नावही ऐकले नसेल. तुमच्या कादंबरीत कम्युनिस्ट प्रचारक गावात येण्याआधीच असा एखादा प्रसंग घडून गेलेला असला पाहिजे, म्हणजे तो प्रचारक जे बोलेल ते गावाला आधीच ठाऊक असेल.

आता पैशाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हस्तलिखितांत हाच भाग हमखास कोरा सापडतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि राष्ट्रवादी सरकार विजेते म्हणून शांघाय-नानकिंगला परतले. लोकांनी स्वागत केले. काही आठवड्यांतच जपानच्या अमलाखाली चालणाऱ्या नोटा बदलून देण्याचा दर जाहीर झाला: त्या दोनशे नोटांना सरकारची एक. बाजारातली खरी किंमत लक्षात घेता हा दर अन्यायाचा होता. आठ वर्षे व्यापलेल्या शहरात तग धरून राहिलेल्या शिक्षकाची, कारकुनाची, छोट्या दुकानदाराची पुंजी त्याच्याच सरकारने एका फर्मानाने बुडवली. पाठोपाठ जपान्यांची आणि त्यांना सामील झालेल्यांची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी अधिकारी आले. एकाच गिरणीला दोन-तीन खात्यांची मोहोर लागली आणि घरे, मोटारी, सोने ज्याच्या हाती लागले त्याचे झाले. शहरी मध्यमवर्ग हा या सरकारचा नैसर्गिक आधार होता. तो कम्युनिस्टांनी हिरावून घेतला नाही. सरकारने तो विजयाच्या पहिल्या हिवाळ्यातच गमावला.

त्यानंतर महागाईने वेग घेतला. १९ ऑगस्ट १९४८ रोजी सरकारने ‘सुवर्ण युआन’ हे नवे चलन आणले. जुन्या तीस लाख युआनला नवा एक युआन आणि चार नव्या युआनला एक अमेरिकी डॉलर, असा भाव ठरला. नागरिकांनी घरातले सोने, चांदी, परकीय चलन ३० सप्टेंबरपर्यंत बँकेत जमा करावे आणि दुकानदारांनी १९ ऑगस्टच्या भावानेच माल विकावा, असा हुकूम निघाला. शांघायमध्ये अंमलबजावणीसाठी च्यांग यांनी आपल्या मुलालाच, च्यांग चिंग-कुओ यांना, बसवले. त्यांनी साठेबाजांना पकडले, काहींना मृत्युदंड झाला, शहरातल्या सर्वांत बलाढ्य टोळीप्रमुखाच्या मुलालाही तुरुंगात टाकले. पण श्रीमती च्यांग यांच्या सख्ख्या भाच्याच्या कंपनीवर हात पडला तेव्हा प्रकरण दाबले गेले, आणि शहराने ते पाहिले. ऑक्टोबरमध्ये शांघायकरांनी दुकानांवर झुंबड उडवली. हातात नोट ठेवण्यापेक्षा काहीही बरे, म्हणून तांदूळ, तेल, कापड, साबण, औषधे, जे मिळेल ते विकत घेतले गेले. ठरलेल्या भावाने विकले तर पुन्हा भरता येणार नाही म्हणून दुकानदारांनी माल मागे दडवला, खेड्यांतून धान्य येईनासे झाले आणि महिनाअखेरीस भावबंदी उठवावी लागली. चलन दोन अब्जांहून अधिक छापणार नाही हे वचनही त्यापाठोपाठ मोडले. ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून रांगेत उभे राहून सोने जमा केले होते, तेच नागवले गेले. ज्यांनी हुकूम मोडून सोने जमिनीत पुरले, ते तरले. आज्ञाधारक नागरिकाला शिक्षा आणि नियम मोडणाऱ्याला बक्षीस अशी वेळ आली की त्या राज्याची हुकमत संपते, आणि त्याच महिन्यात मांचुरियातली आघाडी कोसळत होती. ही दोन प्रकरणे तुम्ही आलटून पालटून लिहा: एक शहरातल्या दुकानासमोरच्या रांगेत, दुसरे वेढलेल्या छावणीत.

याचा सैनिकाशी थेट संबंध आहे. सरकारी सैन्यातला साधा शिपाई बहुधा सक्तीच्या भरतीने आणलेला असे. पळून जाऊ नयेत म्हणून भरतीच्या माणसांना दोरांनी एकमेकांना बांधून चालवत नेत, आणि कित्येक जण पलटणीत पोहोचण्याआधीच भुकेने व आजाराने मरत. पगार कागदी नोटेत, तोही अधिकाऱ्याच्या हातून. यादीत हजार नावे आणि प्रत्यक्षात सातशे माणसे असली की उरलेल्या तीनशेंचा शिधा कुठे गेला हे सगळ्यांना कळत असे. आता याच शिपायाला कम्युनिस्टांनी कैद केल्यावर काय होते ते पाहा, कारण तुमच्या कादंबरीत कैद्यांना सरसकट गोळ्या घातल्या आहेत आणि त्यामुळे विजयाचे निम्मे कारणच हातातून निसटले आहे. चीनमध्ये कैद्याला खायला दिले जाई, मग वीस-पंचवीस जणांच्या बैठकीत बसवले जाई. तिथे एकेकाने आपले दुःख सांगायचे: खंड किती होता, सावकार कोण, बहीण कुठे विकली गेली, भरतीच्या वेळी कोणी पकडून दिले. पहिला माणूस अडखळत बोले, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत सगळे रडत असत. शेवटी घरी जायचे की राहायचे असे विचारले जाई, आणि घर शेकडो कोस दूर असलेला, खिशात काही नसलेला शिपाई बहुधा राहात असे. १९४८ च्या अखेरीस लढाया इतक्या वेगाने चालल्या की कित्येकदा गणवेश तोच ठेवून फक्त टोपीवरचे चिन्ह काढले जाई आणि काही दिवसांत हाच माणूस जुन्या पलटणीवर बंदूक रोखून उभा असे. ४३ लाखांचे १२ लाखांवरचे वर्चस्व असे विरघळले. या बैठकीत खरी करुणा होती आणि पद्धतशीर दडपणही होते. लेखकाने दोन्ही दाखवावे. एकच दाखवले तर ते प्रचारपत्रक होईल.

जमीनवाटपाबाबतही हेच. १९४६ पासून कम्युनिस्टांनी आपल्या ताब्यातल्या मुलखात जमीनदारांच्या जमिनी काढून घेऊन वाटायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर १९४७ च्या कायद्याने ती मोहीम तीव्र झाली. ज्या कुळाला तीन एकर मिळाले, त्याला कळत होते की जमीनदार सरकारी सैन्याबरोबर परत आला तर जमीन जाईलच, कदाचित जीवही जाईल. म्हणून त्याने मुलगा सैन्यात पाठवला आणि स्वतः हातगाडी घेऊन रसद वाहिली. १९४८-४९ च्या हुआय-हायच्या लढाईत पन्नास लाखांहून अधिक शेतकरी रसदीच्या कामाला लावले गेले, असे चिनी सरकारचे आकडे सांगतात. पण ज्या सभांत जमीनदारांवर आरोप ठेवले जात, त्याच सभांत त्यांना मरेस्तोवर मारलेही गेले. चार म्हशी जास्त असलेला मध्यम शेतकरीही जमीनदार ठरवला गेला, जुनी भांडणे वर्गयुद्धाच्या नावाखाली मिटवली गेली, आणि १९४८ च्या सुरुवातीला पक्षालाच ही लाट आवरावी लागली. तुमच्या नायकाच्या गावातली सभा लिहिताना मारणारा आणि मरणारा दोघेही एकाच विहिरीवर पाणी भरणारे असू द्या.

सरकारी सैन्य तुम्ही एकजिनसी रंगवले आहे. त्यासाठी साठाव्या सैन्याची हकीकत ध्यानात ठेवा. हे सैन्य दक्षिणेतल्या युन्नान प्रांताचे. ऑक्टोबर १९४५ मध्ये युन्नानचे सैन्य जपान्यांची शरणागती स्वीकारण्यासाठी व्हिएतनाममध्ये गेलेले असताना च्यांग यांनी मागे त्यांच्या प्रांताच्या गव्हर्नरला बळाने पदावरून दूर केले आणि मग या सैनिकांना त्यांच्या उबदार मुलखापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मांचुरियाच्या थंडीत पाठवले. तिथे केंद्राच्या लाडक्या पलटणींना विमानातून चांगला तांदूळ आणि यांना हलके धान्य, अशी वागणूक मिळाली. चांगचुन शहराला कम्युनिस्टांचा वेढा पडला तेव्हा हे सैन्य आत होते. १५ ऑक्टोबर १९४८ रोजी जिनचौ पडले, मांचुरियातून बाहेर पडण्याची वाट बंद झाली, आणि दोनच दिवसांनी साठाव्या सैन्याने बाजू बदलली. तीन वर्षांपूर्वीचा अपमान तिथे वसूल झाला. च्यांग यांच्या उत्तम पलटणी, ज्यांतल्या काही महायुद्धात आपल्याकडे तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील, रामगढच्या छावणीत अमेरिकनांनी घडवल्या होत्या, त्याही त्याच महिन्यात मांचुरियात संपल्या.

चांगचुनचे नाव निघाले म्हणून सांगतो, विजेत्यांची बाजू लिहिताना हा वेढा टाळू नका. मे ते ऑक्टोबर १९४८ असा तो चालला. शहरातले धान्य संपत आले तेव्हा सरकारी सेनापतींनी नागरिकांना बाहेर जायला सांगितले. कम्युनिस्टांनी त्यांना आपल्या फळीतून सहजासहजी पुढे जाऊ दिले नाही, कारण खाणारी तोंडे आत राहावीत हाच वेढ्याचा उद्देश होता. दोन फळ्यांमधल्या पट्ट्यात माणसे गवत आणि झाडांची साल खाऊन मेली. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांच्याही पुढे जातात. गावात जमीन वाटणारा पक्ष आणि हा वेढा घालणारा पक्ष एकच होता, हे वाचकाच्या मनात एकत्र राहिले पाहिजे.

हेरगिरीचा भाग तुम्ही थरारक केला आहे, पण तो बाहेरून आत घुसणाऱ्यांचा आहे. चीनमध्ये हेर घरचेच होते. यानानवर चाल करणाऱ्या सेनापतीचा खासगी सचिव कम्युनिस्टांचा माणूस होता, संरक्षण मंत्रालयात लढाईचे आराखडे हाताळणारा एक वरिष्ठ अधिकारीही त्यांचाच. बेपिंगचे, म्हणजे आजच्या बीजिंगचे, संरक्षण करणारे सेनापती फू त्सो-यी यांची मुलगी गुप्तपणे त्या पक्षात होती आणि वडिलांच्या मनःस्थितीची बातमी बाहेर पोहोचवत होती. जानेवारी १९४९ च्या अखेरीस फू यांनी शहर लढाईविना सोपवले आणि पुढे नव्या सरकारात ते मंत्री झाले. ती मुलगी वडिलांना फसवत होती की वाचवत होती, हे एका कादंबरीला पुरेल एवढे द्रव्य आहे.

परकीय मदतीविषयी थोडेच सांगतो. अमेरिकेने युद्धानंतर च्यांग सरकारला सुमारे दोन अब्ज डॉलरची मदत केली. स्टालिनने मांचुरियात कम्युनिस्टांना जपानी शस्त्रे मिळू दिली, पण ऑगस्ट १९४५ मध्ये करार मात्र च्यांग यांच्याशीच केला होता. दोन्ही आश्रयदाते आपापल्या हिशेबाने वागत होते आणि दोन्ही आश्रितांना ते ठाऊक होते. तुमची महासत्ता सर्वज्ञ दाखवू नका. मात्र सीमेला महत्त्व द्या: ग्रीसमध्ये १९४६ ते १९४९ असे हेच युद्ध झाले आणि तिथे कम्युनिस्ट हरले, त्याचे एक मोठे कारण असे की युगोस्लाव्हियाचे टिटो आणि स्टालिन यांचे फाटल्यावर युगोस्लाव्हियाने जुलै १९४९ मध्ये सीमा बंद केली आणि डोंगरातल्या फौजांची पाठ उघडी पडली. उलटा शेवट हवा असेल तर स्पेन बघा. तिथे यादवी जिंकणारा राष्ट्रवादी सेनापती फ्रँको याने एप्रिल १९३७ मध्ये आपल्या बाजूचे गट एका हुकमाने एकत्र बांधले, आणि पुढच्याच महिन्यात बार्सिलोनाच्या रस्त्यांवर डावे एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

तुमच्या आराखड्यातला परदेशी पत्रकार मला पोकळ वाटला. त्याऐवजी डॉक्टर आणा. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. ते आधी राष्ट्रवादी सरकारच्या मुलखात राहिले, मग १९३९ मध्ये यानानला गेले. कोटणीस चीनमध्येच राहिले, त्यांनी चिनी परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी उत्तर चीनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा दोन्ही पक्षांत जपानविरुद्ध निदान नावापुरती एकी होती. अशा माणसाला एकाच देशातली दोन राज्ये पाठोपाठ दिसतात: औषध कुठे मिळते, कुठे विकले जाते, जखमी शिपायाला कोण उचलून आणते. पत्रकाराला हे विचारावे लागते, डॉक्टरच्या टेबलावर ते आपोआप येते.

शेवटचा मुद्दा शेवटाचाच. राजधानी पडते तिथे तुम्ही थांबता. च्यांग यांचे सरकार डिसेंबर १९४९ मध्ये तैवानला गेले आणि त्याच्याबरोबर दहा ते वीस लाख माणसे गेली, त्यांत असंख्य तरुण शिपाई होते ज्यांना वाटले की वर्षभरात परत येऊ. तैवानमध्ये मे १९४९ मध्ये लागलेला लष्करी कायदा जुलै १९८७ पर्यंत राहिला. नोव्हेंबर १९८७ मध्ये नातेवाइकांना भेटायला मुख्य भूमीवर जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्या शिपायांनी साठी-सत्तरी गाठली होती. कुणाची आई गेली होती, कुणाच्या बायकोने दुसरा संसार थाटला होता, कुणाच्या कुटुंबाने ‘शत्रूचे नातलग’ म्हणून चाळीस वर्षे हाल सोसले होते. एकाच वर्गातल्या तुमच्या दोन पात्रांपैकी हरलेला तैवानच्या बोटीत चढू द्या आणि जिंकलेल्याच्या घरी हरलेल्याची धाकटी बहीण सून म्हणून राहू द्या. लिखाणाला सुरुवात मात्र नोटा बदलण्याच्या प्रकरणापासून करा. ते साधले की सक्तीची भरती आणि कैद्यांची बैठक ही दोन प्रकरणे लिहा, आणि लढायांचे नकाशे त्यानंतरच उघडा.